पंचेचाळीस की पंचावन्न?

ऑक्टोबर उलटला की पर्थमध्ये दुपारच्या सुमारास नैऋत्येकडून वारा उठतो. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे म्हणून जे पाठ केले, तेच हे. इथे त्यांना ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात, कारण उन्हानं आडवं पडलेलं शहर संध्याकाळपर्यंत त्यांच्यामुळेच उठून बसतं. हा डॉक्टर पंधरा-वीस नॉटनं वाहू लागला की शहाणी माणसं किनाऱ्यावरच्या छत्र्या मिटतात आणि उरलेली मोटारीच्या टपावर लांबलचक होड्या बांधून फ्रीमँटलकडे निघतात. तिथून वाऱ्याकडे पाठ करायची आणि लाटांवरून घसरत उत्तरेला सॉरेंटोच्या दिशेनं जायचं. याला डाउनविंड म्हणतात. होडी एकाच दिशेनं जाते, त्यामुळे गाडी घेऊन पुढे जायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

होडीचं नाव सर्फस्की. कयाकच, पण वरून उघडी. लांबी पाच ते साडेसहा मीटर, रुंदी जेमतेम माणसाच्या कमरेएवढी. बसायला खोलगट बैठक, तिला सगळे बकेट म्हणतात. पायाशी पेडल, पेडलला दोऱ्या, दोऱ्यांना सुकाणू. १९१२ च्या आसपास याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, पोर्ट मॅक्वेरीजवळ, कालवांच्या शेतांमधून हिंडायला म्हणून हिचा पहिला अवतार तयार झाला असं सांगतात. पुढे जीवरक्षकांनी ती उचलली, मग शर्यतवाल्यांनी, आणि शर्यतवाल्यांनी ती इतकी अरुंद केली की आता विकत घेताना घरात भांडणं होतात.

आमच्याकडचं भांडण मामा आणि भाचीचं. मामा मूळचा मालवणचा, माझा जुना मित्र, वजनानं भक्कम. भाची पुण्याची. कॉलेजात असताना सीओईपीच्या रेगाट्यात मुळा-मुठेवर कयाक मारलेली, आता इथे इंजिनिअर. तिला स्वतःची सर्फस्की घ्यायची आहे. तिला हवी आहे पंचेचाळीस सेंटीमीटर रुंदीची, सहा मीटरहून लांब, शर्यतीची. मामाचं म्हणणं, पंचावन्नची घे. मी गाडी चालवत होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी मलाच साक्षीदार धरलं जात होतं.

“नदीवर मी यापेक्षा अरुंद होडीत बसलेय,” भाची म्हणाली. “तोल हा माझा प्रश्नच नाही मामा. तू मला शिकाऊंची होडी गळ्यात मारतोयस.”

“नदीवर पाणी एका जागी असतं गो. इथे तुझ्याखालची जमीनच चालते.”

“म्हणजे तोल शिकायला जास्त चांगली जागा! रुंद होडीत शरीर आळशी होतं. तोल सांभाळायची गरजच पडली नाही, तर तो येणार कुठून? आणि सहा महिन्यांनी मी तीच होडी निम्म्या किमतीत विकणार. मग आत्ताच का नको?”

मला हा मुद्दा पटण्यासारखा वाटला आणि मी तसं म्हणालोही. मामानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तू पाण्यात असताना मी तुझं पॅडल बघत होतो,” तो तिला म्हणाला. “गेल्या रविवारी, त्या उसन्या स्कीवर. पाच-सहा वल्ह्यांमागे एक वल्हं तू पाण्यावर नुसतं आडवं टेकवत होतीस. होडीला धीर द्यायला. ते वल्हं पुढे नेत नाही, ब्रेक लावतं. लाट मागून आली, शेपूट उचलली गेली, आणि नेमक्या त्या क्षणी तू पॅडल टेकवून बसलीस. लाट तुझ्याखालून निघून गेली. शंभर लाटा आल्या आणि तू त्यातल्या वीस घेतल्यास. होडी वेगवान होती, पण लाटा रिकाम्याच गेल्या.”

“कारण मी नवी आहे.”

“तेच तर म्हणतोय.”

इथे तिनं इंजिनिअरचं हत्यार काढलं. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या कालावधीवर ठरतो. दोन माथ्यांमधलं अंतर सेकंदांत मोजायचं आणि साधारण दीडानं गुणायचं, की सेकंदाला किती मीटर ते मिळतं. डॉक्टरच्या वाऱ्यानं उठलेली लाट तीन-चार सेकंदांची. तीन सेकंदांची लाट ताशी सोळा-सतरा किलोमीटरनं पळते, चार सेकंदांची बावीसच्या पुढे. सपाट पाण्यावर दमसास ठेवून वल्हवणाऱ्या आपल्यासारख्याचा वेग दहा-अकरा. “ही दरी भरून काढायची तर होडी वेगवानच हवी,” ती म्हणाली. “यात मताचा प्रश्न नाही, मामा. वजाबाकी आहे.”

“वजाबाकी बरोबर आहे. पण भरून कोण काढतं? होडी?” मामा आता मागे वळून बसला. “सपाट पाण्यावर माझी रुंद होडी आणि तुला हवी ती अरुंद, यांच्यात आपल्यासारख्यांच्या जोरानं फरक पडतो तो ताशी एखाद्या किलोमीटरच्या आतला. दरी आहे सहाची. ती भरतो उतार. लाटेनं शेपूट उचलली, पुढची नाळ खाली गेली, की होडी आपोआप घरंगळायला लागते. त्या दीड सेकंदात तीन-चार वल्ही जीव तोडून मारायची. पाय दाबून, कंबर फिरवून. ती वल्ही त्यालाच मारता येतात ज्याचं ढुंगण शांत बसलंय. अरुंद होडी तुला अर्धा किलोमीटर देते आणि ती चार वल्ही काढून घेते.”

मी हा संवाद पुढे अनेकांना ऐकवला आहे, त्यातल्या एका शब्दासह. या खेळाचं मर्म मला याहून थोडक्यात कुणी सांगितलेलं नाही.

भाची गप्प बसणारी नव्हे. “ठीक. मग ऑस्कर चालुप्स्की कशात बसायचा?”

हे नाव काढायला नको होतं. चालुप्स्की दक्षिण आफ्रिकेचा. हवाईत मोलोकाई बेटापासून ओआहूपर्यंत पन्नासहून अधिक किलोमीटरची खुल्या खाडीतली शर्यत होते. या खेळातली जुनी आणि मानाची. ती त्यानं बारा वेळा जिंकली. शेवटची २०१२ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. आणि जन्मभर तो शिष्यांना एकच गोष्ट बजावत आला, की आधी स्थैर्य, मग कौशल्य. मामाच्या घरात या माणसाचा फोटो नाही हेच आश्चर्य.

“तो स्वतः अरुंदच होडीत बसायचा,” भाची म्हणाली.

“बसायचा. आणि त्या होडीत मोलोकाईच्या खाडीत तो डुलत नव्हता. त्याच्यासाठी ती स्थिर होती. पंचेचाळीस सेंटीमीटर हा होडीचा आकडा आहे. स्थिर की अस्थिर हे तिच्यात कोण बसलंय त्यावर ठरतं. आणि कुठल्या दिवशी.”

“२०२३ ला इथेच विश्वअजिंक्यपद झालं. पुढे होते ते सगळे अरुंद होड्यांत. रुंद होडी इतकी चांगली तर ते वेडे आहेत का?”

“ते आठवड्याचे सहा दिवस पाण्यात असतात. तू शुक्रवारी सहा वाजता ऑफिसातून सुटतेस.”

मामाचा एक मुद्दा मात्र मला सुरुवातीला नुसता हट्ट वाटला होता, मग किनाऱ्यावरून बघता बघता कळत गेला. तो मानेबद्दल बोलतो. लाटेची ऊर्जा माथ्याच्या निम्म्या वेगानं पुढे सरकते. म्हणजे तुम्ही ज्या लाटेवर स्वार आहात ती तुमच्याखालीच विरत जाणार, हे ठरलेलं. ती विरायच्या आत पुढचा खड्डा हेरायचा आणि नाळ तिकडे वळवायची. कसलेले लोक मागे वळून लाट शोधत नाहीत. पुढे दोन-तीन होड्यांच्या अंतरावर पाणी कुठे खचतंय ते बघतात, डावीकडे, उजवीकडे, आणि एका घसरणीतून दुसरीत शिरतात. ज्याला तोलाची काळजी आहे त्याची नजर स्वतःच्या नाळेला चिकटते. किनाऱ्यावरून दुर्बिणीतून हे सहज ओळखता येतं. टोपीचा शेंडा हलत नसेल तर त्या माणसाला होडी झेपत नाही असं बिनदिक्कत समजावं.

आता भाचीचा खरा मुद्दा. तो तिनं सॉरेंटोच्या पार्किंगमध्ये, बोटानं वाळूत चित्र काढून मांडला, आणि इथे मामा अडखळला.

“रुंद, सपाट तळाची होडी पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटते. पाणी आडवं असेल तर होडी आडवी, कबूल. पण बाजूनं लाट आली की पाणी तिरकं होतं आणि तुझी स्थिर होडी इमानेइतबारे त्याच्याबरोबर तिरकी होते. तुला खाली सांडते. गोल तळाची अरुंद होडी सुरुवातीला डुगडुगते, पण खालून लाट जाऊ देते. मी कमरेतून सैल राहिले की वरचं धड सरळ. आणि दुसरं. तुझं वजन बघ, माझं बघ. तू बसलास की तुझी होडी पाण्यात हवी तेवढी रुतते. मी बसले की ती बुचासारखी वर तरंगणार. वारा तिची नाळ ढकलणार, सुकाणू अर्धं पाण्याबाहेर राहणार. तुझी स्थिर होडी माझ्यासाठी स्थिर नाहीच.”

मामा थोडा वेळ वाळूकडे बघत राहिला. “हे खरं आहे,” तो म्हणाला. “पंचावन्न तुला मोठी होईल.”

या कबुलीचा भाचीला झालेला आनंद इथे लिहीत नाही. पण तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि दुकानात ते सहसा कुणी सांगत नाही. तिथे होड्या पायऱ्यांसारख्या मांडलेल्या असतात. एपिकची व्ही८ साडेपाच मीटर लांब आणि छप्पन सेंटीमीटर रुंद, तिच्यापुढे जरा लांब आणि अरुंद व्ही८ प्रो, मग व्ही१० आणि तिची सौम्य भावंडं. फेनची ब्लूफिन, मग स्वोर्डफिश, मग एलिट. नेलोच्या नावातच लांबी लिहिलेली, ५१० म्हणजे पाच मीटर दहा सेंटीमीटर. माणसाला वाटतं खालच्या पायरीवर सगळ्यांनी सारखंच सुरक्षित असावं. पण पंचावन्न किलोची बाई आणि नव्वद किलोचा मालवणी गडी एकाच पायरीवर उभे राहत नाहीत.

लांबीचंही तसंच. तीन सेकंदांच्या लाटेत दोन माथ्यांमधलं अंतर चौदा मीटरच्या आसपास, म्हणजे माथ्यापासून खड्ड्यापर्यंत सात. सव्वासहा मीटरची होडी तो सगळा उतार व्यापते आणि तिची नाळ पुढच्या लाटेच्या पाठीत घुसते. साडेपाचची वळवायला जागा ठेवते. पर्थच्या किनाऱ्यालगतच्या आखूड, उभ्या लाटांत आखूड होडी मागे पडत नाही. केपटाउनला फॉल्स बेमध्ये मिलर्स पॉइंटहून फिश होकपर्यंतच्या प्रसिद्ध टप्प्यावरही आखूड होड्या मजेत धावतात. मोलोकाईच्या लांब लाटांचा हिशेब वेगळा. भाचीनं लांबीचा हट्ट इथे सोडला, गणित तिचंच असल्यामुळे तिला तसं जड गेलं नाही.

“म्हणजे मधली,” मी मध्ये तोंड घातलं. “पन्नास. झालं.”

“झालं काय?” दोघं एकदमच.

मग मामानं टपावरची स्की उतरवली, हिरवळीवर ठेवली आणि तिला बकेटमध्ये बसवलं. मला वाटतं सेंटीमीटरच्या सगळ्या चर्चेपेक्षा ही दहा मिनिटं मोलाची होती. त्यानं तिच्या नितंबाच्या आणि बकेटच्या भिंतीच्या फटीत हात सरकवला. सपाट पंजा जेमतेम गेला तर ठीक. मूठ गेली तर प्रत्येक लाटेला ती आत घसरणार आणि होडीला जे सांगायचं ते अर्धा क्षण उशिरा पोचणार. पंजाही गेला नाही तर तासाभरात पाय बधिर. मग पाय. टाचा टेकल्या, गुडघे किंचित वर, पोटरीखालचा उंचवटा टोचतोय का? तिला टोचत होता. “मी खाली फोमची उशी घालीन,” ती म्हणाली.

“घाल. एक सेंटीमीटर वर आलीस की दोन सेंटीमीटर अरुंद होडी घेतल्यासारखं होईल. बैठक जितकी खाली तितकी होडी शांत. हवी तर बाजूंना घाल, खाली नको.”

हा दोनाचा आकडा मामाचा आहे, विज्ञानाचा नाही. पण उशी काढून आणि घालून एकदा बसून बघावं, फरक मुद्दाम शोधावा लागत नाही.

पाणी काढायच्या छिद्राचाही असाच घोळ. बकेटच्या तळाशी एक छोटी झडप असते. होडी वेगात असली की तीच पाणी खाली ओढून टाकते, थांबली की बंद पडते. लाट अंगावर आली, बकेट भरलं आणि तुम्ही घाबरून थांबलात, तर पाणी आतच हिंदकळत राहतं. इकडून तिकडे, तोलाच्या नेमकं विरुद्ध. जगातली कितीही स्थिर होडी असो, भरलेल्या बकेटनिशी ती डुलते. उपाय एकच, वल्हवत राहणं. “आणि वल्हवत राहायला...” मामानं सुरुवात केली. “कळलं,” भाची म्हणाली.

सुकाणूवर दोघांचं एकमत झालं. शर्यतवाले सपाट पाण्यासाठी छोटं पातं लावतात. उभ्या लाटेत शेपूट वर आली की ते हवेत फिरतं आणि होडी आडवी होते. खवळलेल्या दिवशी मोठं, खोल पातं. किंमत होडीच्या मानानं किरकोळ, आणि होडी न बदलता मिळणारा एवढा आधार दुसरा नाही.

पडण्यावरून मात्र पुन्हा जुंपली. भाचीचं म्हणणं, पडलं तर पडलं, चढता येतं. बकेटच्या दोन्ही कडा धरायच्या, पाय मागे पाण्यावर झाडायचे, पोटावर आडवं यायचं, कूस वळवून बसायचं. नदीत तिनं हे करून दाखवलंही होतं, झोकात.

“पहिल्यांदा चढशील. पाचव्यांदा?” मामाचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. “वीस नॉटच्या वाऱ्यात रिकामी स्की पोहणाऱ्या माणसापेक्षा जोरात पळते. पायाला दोरी बांधलेली नसेल तर ती गेली. दोरी असली तरी चढायला तासभर वल्हवण्याहून जास्त दम लागतो. माणूस पहिल्या किलोमीटरला पडत नाही, शेवटच्या पाचात पडतो, हात शिसं झालेले असताना. तू होडी निवडतेस ती सकाळच्या ताज्या अंगानं. ती निवडायची शेवटच्या पाच किलोमीटरच्या अंगानं.”

ती काही बोलली नाही, तेव्हा त्यानंच थोडं सैल सोडलं. “आमच्याकडे मालवणात होडीला उलांडी असते, बाजूला बांधलेला लाकडी ओंडका. तिच्यामुळे होडी जड होते, वळायला आळशी होते, सगळ्यांना ठाऊक आहे. पण उलांडी लावली म्हणून मी शिकाऊ दिसतो असं कुठल्या गाबताच्या मनात आलेलं ऐकलंयस? त्याला मासळी घेऊन घरी यायचं असतं.”

“मला मासळी नाही आणायची. मला लाटेवरून उडायचंय.”

हे उत्तर मला फार आवडलं. मामाच्या सगळ्या युक्तिवादात एक गोष्ट राहून जाते, की माणसं या खेळाकडे घरी परत येण्यासाठी जात नाहीत. घरी तर ती होतीच. ती जातात त्या चार-पाच सेकंदांसाठी, जेव्हा पॅडल उचललेलं असतं, बकेटमधलं पाणी झडपेतून सूं करत बाहेर जात असतं आणि होडी स्वतःहून पळत असते. ज्याला ते सेकंद अरुंद होडीत थोडे अधिक मिळतील असं वाटतं त्याला मूर्ख म्हणता येत नाही. फक्त मामाची मोजणी खरी असेल, तर या वर्षी तिला ते रुंद होडीत जास्त मिळतील. उडायचं म्हणूनही स्थिर होडी घ्यावी लागते, असं काहीसं मी बोललो, पण वारा जोरात होता.

शेवटी ठरलं ते असं. दुकानात पैसे द्यायच्या आधी तीन होड्या उसन्या घ्यायच्या, अठ्ठेचाळीसपासून बावन्नपर्यंतच्या, आणि प्रत्येक आधी स्वॅन नदीत, बोटींच्या लाटांत, मग डॉक्टरच्या दिवशी समुद्रात न्यायची. मामाची कसोटी त्याच्यासारखीच रांगडी: किनाऱ्यापासून दूर, लाटा चालू असताना, पॅडल मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी बाटलीचं झाकण उघडायचं, पाणी प्यायचं, झाकण लावायचं. जमलं तर होडी तुझी. भाचीनं त्यात आपली एक भर घातली. घड्याळात नोंदलेला वेगाचा आलेख घरी येऊन बघायचा, आणि ताशी पंधराच्या वर गेलेले उंचवटे मोजायचे. सरासरी वेग नाही, उंचवटे. ज्या होडीत ते जास्त, ती घ्यायची, मग ती मामाची निघो नाहीतर तिची.

मामाला ही अट मान्य झाली. वजनावरून मात्र तो मिटवायला तयार नव्हता. तिला कार्बनची हवी होती, दहा-अकरा किलोची, टपावर एकटीनं चढवता येईल अशी. तो म्हणाला काचतंतूची पंधरा किलोची घे, खडकावर आपटली तरी रडायला नको, आणि उरलेल्या पैशांत चांगलं लाइफ जॅकेट आणि संकटात सिग्नल देणारा बीकन येईल. ती म्हणाली, टपावर चढवायला तू येणार आहेस का रोज?

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.